दोन चटया

शेवंताकाकूंनी हात पुढं केला, मी तो धरायला गेले आणि त्यांनी तो परत ओढून पदराखाली घेतला. आठवडी बाजाराचा दिवस, भर दुपार, माझ्या पालासमोर पाच-सात बायका बसलेल्या. काकू माझ्या मनगटाकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, चुलीवर दूध ठेवून आलेय गं, येते नंतर. आता काकूंचं गाव बाजारापासून सहा मैल. चुलीवर दूध ठेवून कुणी सहा मैल एस्टीनं येतं का? पण त्या उठल्या, त्यांच्यामागं दुसरी उठली, आणि घटकाभरात पालासमोर मी आणि माझ्या बांगड्या एवढंच उरलं.

वीस-एकवीस वर्षं झाली याला. आम्ही कासार. विट्यात आमचं भांड्यांचं दुकान, ते आमचे मालक बघायचे. दिगंबर त्यांचं नाव, पण गाव त्यांना दिगूशेठच म्हणतं. बांगड्यांचं खातं माझ्याकडं. सासूबाईंनी मला बसवून शिकवलेलं. आणि शालन कासारणीचा हात हलका, असं चार गावांत नाव होतं, ते मी फुशारकीनं सांगत नाही, होतंच.

हे काम हात धरल्याशिवाय होत नाही, अडचण ती. डॉक्टर नाडीपुरतं मनगट धरतो. आम्ही बाईचा अख्खा पंजा मुठीत घेतो, बोटं जुळवतो, अंगठ्याखालचा उंचवटा दाबतो आणि सासूची, नणंदेची चौकशी करत करत बांगडी वर सरकवतो. तिला कळायच्या आत ती मनगटात गेलेली असते. फुटली तर फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. आणि ज्या कासारणीच्या हातून फार वाढतात तिच्याकडं बायका फिरकत नाहीत. मी म्हणत होते, माझ्या हातून एक वाढत नाही आणि तरी बायका फिरकत नाहीत, हे काय माझ्या नशिबी आलं.

झालं होतं असं. थंडीत माझा घसा धरला, ताप आला, आठवडाभर थुंकी गिळवेना. ते बरं झालं आणि दोन्ही कोपरांवर रुपयाएवढे लाल चट्टे उठले. वर पांढुरके पापुद्रे. खाजवलं की चुरा पडायचा. मला वाटलं, बांगड्या भरताना हाताला साबण लावतो त्याचं असेल. साबण सोडला, खोबरेल धरलं. चट्टे वाढतच गेले. कोपरापासून मनगटाकडं निघाले, बोटांच्या पेरांवर आले. शेजारीण म्हणाली गजकर्ण. एक म्हणाली नागाचं काहीतरी असेल, बघून घे. मी सगळं केलं. गजकर्णाचं मलम लावलं, नागोबाला दूध घातलं, वांगं सोडलं, आंबट सोडलं. चट्ट्यांनी मात्र मला सोडलं नाही.

मग मी एक अक्कल लढवली. कासारणीलाच सुचेल अशी. माझ्याकडं बांगड्यांना काय तोटा? दोन्ही हातांत दोन-दोन डझन चढवल्या, मनगटापासून थेट कोपरापर्यंत, आणि सव्वादोनच्या घट्ट मापाच्या, म्हणजे जागेवरनं हलायला नकोत. वरून लांब बाहीचं पोलकं. बायका म्हणायच्या, शालन, नवरीसारखी सजलीस की. मी हसायची. रात्री उतरवताना आतली कातडी सोलून निघायची, पण दिवस निभावायचा.

त्यातच जत्रेत एक झाडपाल्याचा वैद्य भेटला. करड्या रंगाच्या पुड्या दिल्या, दुधातून घ्या म्हणाला, मुळापासून जाईल. आणि खरंच सांगते, पंधरा दिवसांत हात लख्ख. आरशापुढं हात धरून मी चक्क नाचले. मालकांना म्हटलं, बघा, तुम्ही नावं ठेवत होता. ते फार बोलणारे नाहीत. बरं झालं म्हणाले आणि दुकानात गेले. पुड्या संपल्या. वैद्याला शोधत गेले तर तो पाल गुंडाळून दुसऱ्या जत्रेला गेलेला. आठच दिवसांत सगळं उलटलं. हात, पाय, पाठ, डोकं, कुठं जागा म्हणून राहिली नाही. बाजारात शेवंताकाकूंनी हात ओढला तो त्याच आठवड्यात.

त्या दिवशी पाल आवरून मी घरी आले आणि माळ्यावरच्या भांड्यांसारखी एका कोपऱ्यात बसून राहिले. जेवले नाही. मालकांनी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या ऐवजी गाडी काढली, मला मागं बसवलं आणि दवाखान्यात नेलं. कातडीच्या डॉक्टरीणबाई मिरजेहून मंगळवारच्या मंगळवार विट्याला यायच्या. शमीम मुजावर त्यांचं नाव. वय तिशीच्या आतबाहेर, बोलणं आपल्यासारखं साधं.

त्यांनी पहिल्यांदा सांगितलं, बांगड्या काढा. मी म्हटलं, सवाष्ण बाईचे हात रिकामे करू? त्या म्हणाल्या, बघण्यापुरत्या काढा. काढल्या. त्यांनी माझा हात आपल्या हातात घेतला, हातमोजे न घालता, आणि उजेडाकडं फिरवला. बघता बघता त्यांच्या कपाळाला आठी पडली. पेनच्या टोकानं हवेतच चट्टे दाखवत गेल्या. एकाखाली एक, एकाखाली एक, अगदी ओळीत. मी वाकून बघितलं. जिथं जिथं बांगडी घासत होती, तिथं तिथं चट्ट्यांचं कडं उठलेलं.

"हे तुम्ही स्वतः पेरलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हा सोरायसिस आहे. यात कातडीला जिथं खरचटतं, घासतं, तिथं नवीन चट्टा उठतो. झाकायला म्हणून तुम्ही रोज खरचटून घेत होता."

मला हसावं का रडावं ते कळेना. मालक माझ्याशेजारी बसून छताकडं बघत होते. मग डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. माणसाची कातडी महिनाभरात नवी होते, जुनी गळून जाते, आपल्याला पत्ता लागत नाही. माझी चार-पाच दिवसांतच नवी होत होती, जुनीला गळायला सवड नाही, म्हणून थर साचत होते. कशानं, तर त्याला एकच कारण नाही. अंगात रोगाशी लढायला राखणदार असतात, ते वाट चुकतात आणि आपल्याच कातडीवर चालून जातात. मी म्हटलं, म्हणजे घरचा कुत्रा घरच्यांनाच चावतोय. त्या हसल्या, अगदी तसंच म्हणाल्या. तो स्वभाव पुष्कळदा घराण्यात असतो. कुणाला होतं का विचारलं तेव्हा मला माझे थोरले मामा आठवले. उभ्या जन्मात त्यांनी टोपी काढली नाही आणि त्यांच्या खांद्यावर कायम कोंडा. मग घशाच्या दुखण्याचं निमित्त होतं, काळजीचं होतं, थंडीचं होतं. आणि त्या पुड्यांत बहुतेक स्टेरॉइड होतं. पोटात गेलं की चट्टे दबतात आणि एकदम बंद झालं की दुपटीनं उसळतात.

मला एवढंच हवं होतं, की मुळापासून कधी जाईल ते सांगा.

"मुळापासून काढतो म्हणणाऱ्याच्या वाऱ्यालाही उभ्या राहू नका," त्या म्हणाल्या. "हे दबतं. वर्ष वर्ष दबून राहतं. पुन्हा डोकं काढतं, पुन्हा दाबायचं. पण एक सांगते, हे कुणाला लागत नाही. हात धरून नाही, एका ताटात जेवून नाही, एका अंथरुणात निजून नाही."

शेवटचं ऐकून मी मालकांकडं बघितलंच नाही.

मग उपचार सुरू झाले. दोन मलमं, एक चट्ट्याचं आणि एक नुसतं ओलावा राखायचं, ते आंघोळ झाल्याबरोबर अंग ओलसर असतानाच चोळायचं. डोक्याला डांबराच्या वासाचा साबण, त्यानं आमच्या घराला नवीन रस्त्यासारखा वास यायचा. चट्टे अंगभर होते म्हणून आठवड्यातनं तीनदा मिरजेला जाऊन उजेड घ्यायचा. तिथं एक उभं कपाट, आत चारी बाजूंनी दिव्याच्या नळ्या. डोळ्यांवर काळा चष्मा लावून, अंगावर जेमतेम लाजेपुरतं ठेवून आत उभं राहायचं. पहिल्या दिवशी मी अर्धं मिनिट राहिले आणि बाहेर येऊन नर्सला विचारलं, भाजलं का गं नीट? ती पोट धरून हसली. पुढं पुढं मिनिटं वाढत गेली. गोळ्या लागल्या तर रक्त तपासून देऊ म्हणाल्या, पण त्या वेळेला लागल्या नाहीत. आणि काचेची बांगडी बंद. हातात एक एक सैल, गुळगुळीत सोन्याची. कासारणीचे हात असे मोकळे बघून गावाला बोलायला आणखी एक विषय मिळाला.

दोन महिन्यांत पाठ, पाय साफ झाले. हातांवरचे पापुद्रे गेले. पण कोपरांवर आणि पेरांवर गुलाबी डाग राहिलेच, आणि कासारणीकडं आली की बाई बघते ती पेरंच. बाजारात मी पाल मांडायची, बायका लांबून नमस्कार करायच्या. आणि वैशाख जवळ येत होता.

वैशाखात मोहित्यांच्या रेवतीचं लग्न होतं. वाडीचे मोहिते म्हणजे मोठी भावकी. त्यांच्या घरचा चुडा तीन पिढ्या आमच्याच घरनं भरलेला. रेवतीच्या आईच्या, म्हणजे कुसुमवहिनींच्या हातात सासूबाईंनी भरलेला. तो चुडा म्हणजे नुसतं एका दिवसाचं काम नव्हे. मोहित्यांनी दुसरा कासार बोलावला की सगळी वाडी, आणि वाडीमागं चार गावं, त्याच्याकडं जाणार. मग माझं पाल कायमचं गुंडाळायचं, हे मला पक्कं माहीत होतं.

लग्नाच्या आधी आठ दिवस निरोप आला. मोहित्यांचा गडी दुकानात आला आणि मालकांना म्हणाला, वहिनींनी सांगितलंय, चुड्याला शेठना पाठवा, ताईंना दगदग नको. निरोप गोड होता. मी आत उभी राहून ऐकला आणि पहिल्यांदाच रडले, अगदी हुंदके देऊन.

मालक आत आले. मी म्हटलं, तुम्हाला बांगडी भरता येते का? जन्मभर पितळ ठोकलंत. तिथं जाऊन नवरीच्या हातात बांगडी वाढवलीत तर अपशकुन म्हणून गावातनं हाकलतील. ते म्हणाले, बघू, येईल तशी भरू. मग डोकं खाजवत बसले बराच वेळ.

"आपण दोघं जाऊ," ते म्हणाले. "दोन चटया टाकू. एकीवर तू बस, एकीवर मी. ज्याला जिथं बसायचं तिथं बसू दे."

मी म्हटलं, म्हणजे सगळ्या वाडीसमोर माझी शोभा. तर म्हणाले, घरात बसलीस तरी ती होणारच आहे, तिथं निदान जेवायला पुरणपोळी मिळेल. हा माणूस असा. दुःखाच्या वेळी त्याला पुरणपोळी सुचते.

गेलो. मोहित्यांच्या घरापुढं मांडव पडलेला, आत बायकांची ही गर्दी. त्यांच्याकडं आधी देवापुढं बांगड्या ठेवतात, मग घरच्या सवाष्णी भरतात आणि मुहूर्ताला, बारा वाजता, नवरीचा चुडा. मालकांनी दोन चटया टाकल्या, मधे चार हातांचं अंतर. कुसुमवहिनींनी मला बघितलं आणि त्यांचं तोंड उतरलं. त्या वाईट नव्हत्या, त्यांना भीती होती.

मी चटईवर बसले, दोन्ही बाह्या वर सारल्या आणि हात पुढं धरले. म्हटलं, बायांनो, बघून घ्या. हा सोरायसिस. डॉक्टरला दाखवलंय, औषध चालू आहे. लागत नाही. आमचे मालक रोज माझ्या ताटात जेवतात, त्यांचे हात बघा. तरी कुणाला शंका असेल तर मला राग नाही, पलीकडं चटई आहे.

मग एक उठली, दुसरी उठली, आणि सगळ्या जणी मालकांच्या चटईपुढं जाऊन ओळीनं बसल्या. माझ्यापुढं एक मांजर येऊन बसलं तेवढंच. मी बांगड्यांचे जुडगे सोडत होते, परत बांधत होते, हातांना काहीतरी काम पाहिजे म्हणून. लाज वाटली. राग आला. उठून चालू लागावं असं शंभरदा मनात आलं.

मालकांपुढं पहिल्या बसल्या त्या गजराआत्या, रेवतीच्या वडलांच्या थोरल्या बहीण. वाडीत त्यांचा शब्द खाली पडत नाही. मालकांनी त्यांचा हात असा धरला, की घागरीचं तोंड धरावं. दाबला. आत्यांचा चेहरा वाकडा झाला. दुसऱ्यांदा दाबला आणि कट्‌ आवाज आला. बांगडी वाढली. मालक म्हणाले, माफ करा, हात जरा जड आहे. दुसरी घेतली. तीही वाढली. तिसरी कशीबशी चढली, पण आत्यांचा पंजा बिटासारखा लाल आणि मनगटावर रक्ताचा एक टिपका. पुढची सून बसली, ती ओरडलीच. तिच्या पुढची दोन बांगड्यांत पाणी द्या म्हणाली. मालकांना घाम फुटलेला, उपरण्यानं पुसतायत, माफी मागतायत, चटईवर काचांचा ढीग झालेला. मांडवातले पुरुष बाहेरून डोकावून हसायला लागले. कुणीतरी म्हणालं, शेठ, हातोडी आणून देऊ का? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझी शोभा झाली ती झाली, आता नवऱ्याचीही.

ओळीतल्या बायका आता मालकांकडं बघत नव्हत्या. माझ्याकडं, मग आपल्या हाताकडं, मग परत माझ्याकडं.

गजराआत्या उठल्या. पदरानं रक्त टिपत माझ्या चटईवर येऊन धप्पकन बसल्या.

"ते लागत न्हाई म्हणालीस, ते खरं न्हवं का?"

"खरं आहे, आत्या."

"मग भर बाई. तिथं हात ऱ्हायचा न्हाई."

मी त्यांचा हात घेतला. दुखरा, सुजलेला. बोटं जुळवली, अंगठ्याखाली दाबलं आणि म्हटलं, आत्या, यंदा रानातली हळद कशी झाली? त्या हळदीचं सांगत होत्या तोवर सहा बांगड्या चढल्या. त्या आपल्या हाताकडं बघतच राहिल्या. मग मान वळवून भावकीला म्हणाल्या, बसा गं हिकडं, गुमान. झालं. चार हातांचं अंतर ओलांडून अख्खी ओळ माझ्याकडं आली. कुणी दूर बसून हात तेवढा लांब केला, कुणी घाबरत घाबरत दिला, पण दिला. मी एक एक हात धरत गेले. चार महिन्यांत मी कुणाचा हात धरला नव्हता. कितीतरी जणींना तेव्हा वाटलं असेल, ही कासारीण डोळे का पुसतेय.

बारा वाजत आले. रेवतीला आणून पाटावर बसवलं. कुसुमवहिनी मधेच उभ्या, एकदा मालकांच्या पुढ्यातल्या काचांकडं बघत, एकदा माझ्या पेरांकडं. मग खाली वाकून मला हळूच विचारलं.

"शालन, माझ्या पोरीला नाही ना गं होणार?"

"वहिनी, माझ्या हातून होणार नाही," मी म्हटलं. "कुणाच्या रक्तातच असलं तर ते कधी उठेल ते देवालाही ठाऊक नाही. पण माझा हात धरल्यानं नाही. मला शपथा घालू नका, डॉक्टरीणबाईंना विचारा. नाहीतर मी उठते."

वहिनी काही बोलायच्या आत रेवतीनंच दोन्ही हात पुढं केले. शिकलेली पोर. म्हणाली, आई, मुहूर्त जाईल. वहिनींनी डोळे मिटले आणि मान हलवली.

तो चुडा मी जन्मभर विसरणार नाही. हिरवा, सोनेरी टिकल्यांचा. कवळा हात, पण पोरीची हाडं मोठी. एका हातात दहा, एका हातात अकरा. एक वाढली नाही. रेवतीनं वाकून नमस्कार केला, मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि बायकांतनं एकीनंही तो नको म्हटलं नाही.

पुढचं सांगायचं तर, मोहित्यांची वाडी आजही माझ्याकडंच आहे. शेवंताकाकू पुढच्याच बाजारात आल्या, दुधाचं विचारलं नाही मी. सोरायसिसही आहे. थंडीत डोकं काढतो, मी मलम काढते. मधे दोन वर्षं गोळ्या घेतल्या, रक्त तपासून. आता म्हणे नवीन इंजेक्शनं निघालीत, त्या राखणदारांनाच वेसण घालणारी. डॉक्टरीणबाई म्हणतात, लागलं तर बघू. बाजारात एखादी पोर हात लपवत आली की मी ओळखते, आणि बांगडी भरायच्या आधी तिला मंगळवारचा पत्ता देते. घट्ट मापाची बांगडी मागितली तर देत नाही.

मालकांचं मात्र नाव खराब झालं ते झालंच. कासाराच्या पोटी जन्मून बांगडी भरता येत नाही, हे चार गावांत पसरलं. वाडीत अजून कुणाच्या हातून कपबशी पडली की म्हणतात, काय रे, दिगूशेठ का तू? लग्नाला गेलो की आल्या आल्या सांगतात, शेठ, तुम्ही तिकडं मांडवात पान खात बसा, बांगड्यांना हात लावू नका. ते हसतात आणि मांडवात जाऊन बसतात.

पण त्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं. ते मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही.

पंगत उठली, मी आतल्या खोलीत जेवत होते. मालक आधी जेवून बाहेर ओसरीवर सामान बांधत होते. तेवढ्यात हौसाक्का आली. पहाटेपासून चुलीपुढं बसून पुरणपोळ्या लाटणारी बाई, तिला बांगड्या भरायला सवडच मिळाली नव्हती. हात लाटून लाटून सुजलेले, बोटं आखडलेली. ती मालकांना म्हणाली, ताईंना बोलवा. मालक म्हणाले, ती जेवतेय, दमलीय, बस तू. हौसाक्का भीतभीतच बसली असावी. मला खिडकीतनं सगळं दिसत होतं. घास तसाच हातात राहिला माझा.

मालकांनी तिचा हात घेतला. बोटं जुळवली. ओसरीवर दुसरं कुणी नव्हतं. ते तिला विचारत होते, पोरगा कुठं असतो, कुठल्या कंपनीत लागला. ती सांगत होती. सव्वादोनचं माप, तसल्या हातात. एक डझन बांगड्या त्यांनी अशा चढवल्या, की काचेला काच लागल्याचा आवाज नाही. तिनं हुं की चूं केलं नाही. मला असं येत नाही. सासूबाईंनाही येत नव्हतं.

घरी जाताना गाडीवर मी त्यांच्या मागं बसले होते. बराच रस्ता गेल्यावर म्हटलं, हौसाक्काच्या हातात एकही वाढली नाही.

"तिचा हात मऊ असेल," ते म्हणाले.

"चुलीपुढचा हात, आणि मऊ?"

त्यांनी गाडीचा वेग वाढवला. मी सोडणार नव्हते. शेवटी म्हणाले, वडलांच्या मागं सहा वर्षं बांगड्यांचं ओझं घेऊन फिरलोय, कराडकडच्या वाड्यांतनं, आपलं लग्न व्हायच्या आधी. ते गेले, मी भांड्यांत पडलो. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही.

"मग सकाळी काय झालं होतं हाताला?"

समोरनं उसाचा ट्रॅक्टर येत होता, त्याला त्यांनी वाट दिली.

"सकाळी तुझी चटई रिकामी होती," ते म्हणाले.

पुढं विट्याचा चढ लागला. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. बाही वर सरलेला, डागांचा, उघडा हात, भर रस्त्यावर. बाजारातनं गाडी गेली तेव्हा लोकांनी बघितला असणार. मी तो काढला नाही.